जुन्या नाण्यांचे ग्रेडिंग : खर्चाच्या आधी कायदा पाहावा

मा. संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या गेल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या नाण्यांतील गुंतवणुकीवर जो लेख प्रसिद्ध झाला आहे, त्यातील एका सल्ल्याविषयी हे पत्र आहे. घरातले जुने नाणे अमेरिकेतील एखाद्या नामांकित कंपनीकडे पाठवावे, तिच्याकडून त्याचे ग्रेडिंग, म्हणजे नाणे किती चांगल्या अवस्थेत आहे याची प्रत आकड्यात ठरवून, घ्यावे, आणि प्लास्टिकच्या मोहोरबंद चौकटीत, म्हणजे संग्राहकांच्या बोलीत ‘स्लॅब’मध्ये, बसून ते परत आले की त्याची किंमत कित्येक पटींनी वाढते, असे लेखकाने म्हटले आहे. सोबत व्हिक्टोरिया राणीच्या रुपयाचे छायाचित्रही छापले आहे. मी बरीच वर्षे नाणी जमवतो, अधूनमधून विकतोही. ग्रेडिंगला माझा सरसकट विरोध नाही. परंतु ज्या नाण्याचे चित्र आपण छापले, नेमके त्याच नाण्याच्या बाबतीत हा सल्ला पाळणाऱ्या वाचकाला तुरुंगाची वाट धरावी लागू शकते, म्हणून हे थोडे सविस्तर लिहीत आहे.

१९७२ च्या पुरावशेष व कलाकृतीविषयक केंद्रीय कायद्यात पुरावशेषाची जी व्याख्या आहे, तिच्यात नाण्यांचा स्पष्ट उल्लेख असून, जे नाणे अस्तित्वात येऊन किमान शंभर वर्षे झाली आहेत ते पुरावशेष ठरते. असा पुरावशेष देशाबाहेर नेण्याचा किंवा पाठवण्याचा अधिकार केंद्र सरकार आणि त्याने नेमलेली यंत्रणा यांच्याखेरीज कोणालाही नाही. नियम मोडल्यास किमान सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि दंड अशी तरतूद आहे. नाणे विकायचे नव्हते, नुसते तपासून परत आणायचे होते, या सबबीसाठी खासगी व्यक्तीला त्यात जागा ठेवलेली नाही. आता या कसोटीवर घरोघरचे रुपये तपासून पाहू. ईस्ट इंडिया कंपनीने १८३५ पासून सर्व इलाख्यांसाठी एकच रुपया पाडायला सुरुवात केली. तिथपासून विल्यम, व्हिक्टोरिया आणि सातवा एडवर्ड यांचे सगळेच रुपये शंभरीच्या पलीकडचे आहेत. पंचम जॉर्जचा चलनी रुपया १९२२ नंतर निघाला नाही, त्यामुळे त्याचाही एकूण एक रुपया आता या कायद्याखाली येतो. सर्वसामान्य मराठी घरात ‘जुना चांदीचा रुपया’ म्हणून जे असते त्यातला फार मोठा भाग यातच मोडतो. १९११ चा तो प्रसिद्ध ‘डुक्कर छाप’ रुपयाही त्यात आला. राजाच्या झग्यावरच्या साखळीतला हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला, ओरड झाली, सरकारने नाणी मागे घेऊन वितळवली आणि १९१२ पासून हत्तीचे चित्र सुधारले; जे थोडे रुपये त्याआधी लोकांच्या हातात गेले होते, त्यांना आज मागणी आहे. असा रुपया हाती लागलेल्या माणसाला तो प्रमाणित करून घ्यावासा वाटणे अगदी स्वाभाविक आहे, पण तो परदेशी पाठवण्याचा मार्ग त्याला मोकळा नाही. अमेरिकेत राहणाऱ्या भाच्याच्या बॅगेतून दोन-चार रुपये पाठवून देण्याची कल्पना मी अनेक घरांत ऐकली आहे. तीही याच कायद्याने गुन्हा ठरते, आणि विमानतळावर उत्तर द्यावे लागते ते त्या भाच्याला. पुढच्या अंकात आपण याविषयी खुलासा छापावा, ही विनंती.

आता मूळ प्रश्नाकडे वळतो. ग्रेडिंग म्हणजे नक्की काय होते, हे लेखात आलेले नाही. नाण्याची प्रत १ ते ७० अशा आकड्यात सांगण्याची पद्धत डॉ. विल्यम शेल्डन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९४९ साली मांडली, आणि तीही अमेरिकेतल्या सुरुवातीच्या काळातील तांब्याच्या मोठ्या सेंट नाण्यांपुरती. सत्तर प्रतीचे नाणे एक प्रतीच्या नाण्याच्या सत्तरपट किमतीचे असावे, असा तिच्यामागचा हिशेब होता. तो हिशेब बाजाराने लवकरच मोडीत काढला, आकडे मात्र राहिले. १९८६ मध्ये पीसीजीएस आणि १९८७ मध्ये एनजीसी या अमेरिकन ग्रेडिंग कंपन्यांनी काम सुरू केले, नाणे मोहोरबंद चौकटीत घालून त्यावर प्रत आणि क्रमांक छापण्याची रीत रूढ केली, आणि पुढे जगभरच्या नाण्यांना हीच मोजपट्टी लावली गेली. वापरात न आलेल्या नाण्याला एमएस (मिंट स्टेट, म्हणजे टांकसाळीतून आले तसे) -६० ते एमएस-७०. अगदी किंचित झिजलेल्याला पन्नाशीतले आकडे. मग चाळीस, वीस, बारा असे उतरत जायचे. तपासनीस नाणे प्रखर दिव्याखाली फिरवून पाहतो. मूळ झळाळी किती टिकली आहे, उंच भागावर म्हणजे राजाच्या गालावर, कानावर आणि मुकुटावर झीज किती आहे, थैलीत एकमेकांवर आपटून पडलेल्या खुणा कुठे आहेत, ठसा मुळात नीट उठला होता का, हे सारे तो पाहतो. एकाहून अधिक जण स्वतंत्रपणे मत देतात आणि प्रत ठरते. हे कसबाचे काम आहे, पण शेवटी ते मत आहे, वजनकाट्यावरचा आकडा नव्हे. एकच नाणे चौकट फोडून पुन्हा पाठवले असता वेगळी प्रत मिळाल्याची उदाहरणे इतकी आहेत की वरची प्रत मिळेपर्यंत नाणे पुन्हा पुन्हा पाठवत राहणे हा परदेशात काही व्यापाऱ्यांचा ठरलेला उद्योग आहे.

शेल्डन यांच्याविषयी आणखी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. न्यूयॉर्कच्या अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटी या नाणकशास्त्र संस्थेच्या संग्रहातील उत्तम सेंट उचलून त्यांच्या जागी त्याच जातीची, स्वतःजवळची हलकी नाणी त्यांनी ठेवली होती, हे त्यांच्या मृत्यूनंतर उघड झाले. ते सिद्ध करताना कामाला आली ती त्या नाण्यांची आधी काढून ठेवलेली छायाचित्रे. प्रतीचा आकडा बदलत राहतो. नाण्याचे छायाचित्र आणि वजन यांची नोंद मात्र कोणालाही पुन्हा ताडून पाहता येते. या मुद्द्याकडे पत्राच्या शेवटी पुन्हा यावे लागेल.

कायद्याची अडचण क्षणभर बाजूला ठेवली, तरी आपल्या घरातल्या नाण्यांना या पद्धतीतून काय मिळेल, हे स्पष्ट सांगायला हवे. लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी चांदीचे रुपये चिंचेने, राखेने, रांगोळीने किंवा हल्ली पितांबरी पावडरीने लख्ख घासून काढायचे, ही आपली पिढ्यान् पिढ्यांची रीत आहे. पूजेच्या दृष्टीने तिच्यात काहीच गैर नाही. पण नाण्याच्या पृष्ठभागावर टांकसाळीतून आलेली जी झळाळी असते, ती धातूच्या अतिसूक्ष्म रेषांवरून परतणाऱ्या प्रकाशाची असते. घासल्यावर त्या रेषा जातात, त्या पुन्हा आणता येत नाहीत, आणि त्यांच्या जागी बारीक ओरखड्यांचे जाळे उमटते. घरच्या माणसाला असे नाणे चमकदार दिसते; तपासनिसाला भिंगाखाली पहिल्याच नजरेत ते घासलेले दिसते. अशा नाण्याला आकड्यातली प्रत देत नाहीत. ‘अस्सल आहे, पण साफ केलेले’ एवढाच शेरा मारून ते चौकटीत बसवतात, ज्याला बाजारात ‘डिटेल्स’ म्हणतात. फी तीच लागते आणि भाव मात्र विनाचौकटीच्या नाण्याहून फारसा वाढत नाही. उलट, नाणे साफ केलेले आहे हे आता छापील स्वरूपात कायमचे त्याच्या कपाळावर येते.

हीच गत दागिन्यात बसवलेल्या नाण्यांची होते. माळेत ओवण्यासाठी रुपयाला किंवा मोहरेला कडी जोडायची, पुढे कधीतरी ती काढून टाकायची आणि जोडाचा डाख कानशीने सपाट करायचा, हे सराफाकडे सर्रास झालेले आहे. काठावर डाखाचा तो पुसटसा भाग कितीही सफाईने लपवला तरी सापडतो. जुन्या सराफांनी कस पाहण्यासाठी ठोकलेल्या बारीक छापांचेही तेच होते. रुपया चांदीचा आहे की नाही, वजनाला उतरतो की नाही, हे पाहून सराफ त्यावर आपली खूण करत असे आणि झिजलेल्या किंवा परमुलखातल्या रुपयाला बट्टा लावत असे. म्हणजे नाण्याची प्रत ठरवण्याचा धंदा आपल्याकडे अमेरिकन कंपन्यांच्या कितीतरी आधीपासून चालत आला होता आणि त्या खुणा हा त्याचाच पुरावा आहे. इतिहासाच्या अभ्यासकाला त्या मोलाच्या वाटतात, पण आधुनिक ग्रेडिंगच्या लेखी ते नुकसान असते. यात चूक कोणाचीच नाही. मात्र सराफी खुणा असलेला रुपया घेऊन जो वाचक वरच्या प्रतीची अपेक्षा करील, त्याच्या पदरी निराशाच येणार.

शिवराई आणि मराठी रुपये यांचा प्रश्न तर आणखी निराळा आहे, आणि महाराष्ट्रातील संग्राहकांच्या दृष्टीने तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. शिवछत्रपतींच्या १६७४ च्या राज्याभिषेकाशी जोडलेली, एका बाजूस ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’ अशी अक्षरे असलेली तांब्याची शिवराई हाताने हातोडा मारून पाडलेली आहे. ठसा नाण्याच्या चकतीपेक्षा मोठा असे, त्यामुळे एखाद्या नाण्यावर ‘श्री’ अर्धीच आलेली असते, एखाद्यावर ‘पति’ काठाबाहेर गेलेले असते, आणि हे टांकसाळीतून बाहेर पडतानाच झालेले असते. तिथे झीज कोणती आणि ठसाच कमी उठलेला कोणता, हे ठरवायला त्या ठशांचा अभ्यास लागतो. पुढे हेच नाणे दीर्घकाळ, अनेक ठिकाणच्या टांकसाळींतून निघत राहिले. दुदांडी शिवराईसारखे त्याचे उत्तरकालीन प्रकार आहेत. अक्षरांचे वळण, ओळींची मांडणी, ठिपक्यांची कडा यांत असंख्य भेद आहेत. संग्राहकाला रस असतो तो या भेदांत. यंत्राने पाडलेल्या, एकसारख्या नाण्यांसाठी बनवलेली मोजपट्टी इथे लावली तर तिच्यातून फार थोडे कळते. त्यात नाणे चौकटीत बंद झाले की त्याचे वजन करता येत नाही आणि कड नीट तपासता येत नाही. हातठशाच्या नाण्यात याच दोन गोष्टी सर्वांत आधी पाहाव्या लागतात. पुण्याचा अंकुशी रुपया, चांदवडचा चांदोरी रुपया, आणि मुघल बादशहाच्या नावाने मराठ्यांनी पाडलेले इतर रुपये यांनाही हेच लागू आहे. त्यांची खरी किंमत टांकसाळीच्या नावात, वर्षात आणि खुणेत असते. सोन्याच्या शिवकालीन होनाबाबत तर प्रतीचा प्रश्न उद्भवण्याआधी अस्सलपणाचा प्रश्न उभा राहतो, कारण त्याच्या नकला पुष्कळ आहेत. तिथे चाळीस की पंचेचाळीस हे विचारणे निरर्थक आहे. अस्सल की नकली एवढेच विचारायचे असते, आणि त्याचे उत्तर मराठी नाण्यांचा अभ्यास केलेला माणूसच अधिक विश्वासाने देऊ शकतो.

अस्सलपणा आणि प्रत या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या की पुष्कळ गोंधळ मिटतो. कंपनीच्या एकाच चौकटीत त्या दोन्ही येतात, म्हणून लोक त्यांना एकच समजतात. माझ्या मते सामान्य संग्राहकाला बहुतेक वेळा पहिलीची गरज असते आणि पैसे मात्र तो दुसरीसाठी मोजतो.

मग कायद्याने आणि व्यवहाराने पाठवता येण्याजोगे उरते काय? सहाव्या जॉर्जचे १९३८ पासूनचे रुपये, १९४७ चा वाघाचे चित्र असलेला निकेलचा रुपया, १९५० नंतरची प्रजासत्ताकाची नाणी, १९५७ पासूनचे नवे पैसे, टांकसाळीचे स्मारक-संच, आणि गोव्यातील पोर्तुगीज अमदानीची शेवटच्या काळातली नाणी, उदाहरणार्थ १९५८-५९ चे एस्कुडो. यांतही बहुतेकांना ग्रेडिंगचा खर्च परवडत नाही. १९६९ मध्ये निघालेले महात्मा गांधींच्या जन्मशताब्दीचे दहा रुपयांचे चांदीचे नाणे पाहा : पंधरा ग्रॅम वजन, ८० टक्के चांदी, आणि लोकांनी जपून ठेवल्यामुळे आजही मुबलक. त्याचा भाव मुख्यतः चांदीच्या दरावर चालतो. सहाव्या जॉर्जच्या १९४० ते १९४५ च्या रुपयांत तर चांदी निम्मीच आहे. ११.६६ ग्रॅममध्ये ५.८३ ग्रॅम, आधीच्या रुपयातल्या सुमारे १०.७ ग्रॅमच्या तुलनेत. झिजलेल्या अवस्थेत असे रुपये किलोवारी मिळतात. त्यांना चौकटीत बसवून काय साधणार?

हिशेब कसा करावा, हे एका काल्पनिक उदाहरणाने सांगतो. आकडे केवळ समजण्यापुरते आहेत. समजा, कंपनीची फी, हाताळणी, विमा, जाण्यायेण्याचे कुरिअर, मध्यस्थाचे कमिशन आणि परत येताना सीमाशुल्काची भानगड धरून एका नाण्यामागे चार हजार रुपये पडतात. आपल्याकडच्या न वापरलेल्या रुपयाला आज विनाचौकट अडीच हजार मिळतात. एमएस-६३ आली तर तो पाच हजारांना जाईल, एमएस-६५ आली तर बारा हजारांना, आणि ‘डिटेल्स’ शेरा आला तर दोन हजारांनाही कोणी हात लावणार नाही. तेव्हा ६३ वर नाणे आणि खर्च मिळून साडेसहा हजार गुंतवून पाच हजार हाती येतात, म्हणजे प्रत चांगली येऊनही दीड हजाराचा तोटा होतो. फायदा फक्त ६५ वर होतो. म्हणून प्रश्न असा विचारायचा की माझ्या नाण्याला ६५ मिळण्याची शक्यता किती आहे? याचे उत्तर देण्याइतकी ज्याची स्वतःची नजर तयार आहे, त्याला ग्रेडिंगचा उपयोग होतो. ज्याची नजर तयार नाही, त्याने पाठवलेल्या दहा नाण्यांतली बहुतेक नाणी ‘डिटेल्स’ किंवा साठ-एकसष्टची होऊन परत येतात. व्यापारी मंडळी शेकडो नाण्यांतून निवडून मोजकीच पाठवतात, एकगठ्ठा पाठवल्यामुळे त्यांना खर्चही कमी पडतो, आणि मग लिलावाच्या सूचीत आपल्याला दिसतात ती त्यांतलीही वरचीच. ते पाहून आपल्या डब्यातल्या नाण्याचे भाकीत करणे धोक्याचे आहे.

ज्या नाण्याबाबत मी खर्च करावा म्हणेन, असे एक ठळक उदाहरण १९३९ च्या रुपयाचे आहे. सुमारे ९२ टक्के चांदीच्या जुन्या मापातला तो शेवटचा रुपया. फार दुर्मीळ, आणि दुर्मीळ म्हणूनच लबाडांचा आवडता. दुसऱ्या वर्षाच्या रुपयावर अंक कोरून किंवा डकवून तो ‘बनवला’ जातो, साच्यात ओतूनही तयार होतो. अस्सल आणि नकली यांच्या भावातली दरी एवढी मोठी आहे की तिच्यापुढे फीची रक्कम काहीच नाही, आणि वयाच्या दृष्टीने हे नाणे अजून शंभरीच्या आत आहे. वारसांमध्ये वाटणी व्हायची आहे, विमा उतरवायचा आहे, किंवा मोठ्या लिलावात अनोळखी गिऱ्हाइकाला विकायचे आहे, अशा प्रसंगी तिसऱ्या पक्षाचा शिक्का खरोखर कामाला येतो. आपल्याच संग्रहात ठेवून रविवारी भिंगाखाली पाहायचे असेल तर त्याची गरज मला दिसत नाही.

टांकसाळीच्या प्रूफ संचांविषयी, म्हणजे संग्राहकांसाठी खास झळाळीने पाडलेल्या नाण्यांच्या संचांविषयी, एक सावधगिरी. मुंबई टांकसाळीचे जुने प्रूफ संच त्यांच्या मूळ डबीसह, कागदपत्रांसह टिकले असतील तर त्यांना तसेच राहू द्यावे. एकेक नाणे चौकटीत घालण्यासाठी संच फोडला की त्याचे मूळ रूप गेले, आणि ते परत जोडता येत नाही. शिवाय ब्रिटिशकालीन नाण्यांच्या जुन्या ठशांवरून टांकसाळींनी पुढे संग्राहकांसाठी पुनर्मुद्रित प्रूफ नाणी काढली होती. मूळ प्रूफ आणि पुनर्मुद्रण यांच्या भावात अंतर आहे, तेव्हा असे नाणे घेताना चौकटीवरच्या मजकुरात ‘पुनर्मुद्रण’ असे लिहिले आहे का, हे डोळ्यांत तेल घालून वाचावे.

लेखकाने ‘जगात या प्रतीचे एकच नाणे’ या जाहिरातीचाही दाखला दिला आहे. कंपन्या आपण कोणत्या नाण्याला कोणती प्रत किती वेळा दिली याची यादी प्रसिद्ध करतात. तिच्यात सर्वांत वरच्या प्रतीत असलेल्या नाण्याला बाजारात ‘टॉप पॉप’ म्हणतात. अमेरिकेतल्या जुन्या डॉलरबाबत या यादीला अर्थ आहे, कारण तिथे ती नाणी प्रचंड संख्येने तपासली गेली आहेत. भारताच्या १९८० च्या दशकातल्या पंचवीस पैशांच्या नाण्यात मात्र ‘जगात एकच’ याचा अर्थ बहुधा एवढाच असतो की ते पाठवण्याचा खर्च करावा असे दुसऱ्या कोणाला वाटले नाही. उद्या कोणी टांकसाळीची न फोडलेली थैली उघडून पन्नास नाणी पाठवली, तर त्या ‘एकमेव’ नाण्याचे काय होईल? अशा नाण्यांसाठी मोजलेले मोठे आकडे पाहून मला आश्चर्य वाटते, आणि विकणाऱ्याच्या वक्तृत्वाचे कौतुकही.

चौकट अभेद्य असते, हाही एक समज. बनावट चौकटी बाजारात आहेत आणि त्याबद्दल त्या कंपन्यांनीच वेळोवेळी इशारे दिले आहेत. छापलेला क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून पाहावा, आणि तिथे छायाचित्र असेल तर नाण्यावरचा प्रत्येक डाग व ओरखडा त्याच्याशी जुळवावा. नुसता क्रमांक सापडला म्हणजे झाले असे नाही, कारण खऱ्या नाण्याचा क्रमांक खोट्या चौकटीवर छापता येतो. शिवाय चौकट पूर्णपणे हवाबंद नसते. कोकणातल्या किंवा मुंबईच्या पावसाळ्यात तांब्यावर काळे ठिपके आणि ॲल्युमिनियमच्या जुन्या पैशांवर पांढरट बुरशीसारखा थर चौकटीतही येऊ शकतो. नाणी टिकवायची असतील तर मऊ पीव्हीसीच्या पाकिटांपासून दूर ठेवणे, कोरड्या जागी सिलिका जेलसोबत ठेवणे आणि फक्त कडेने धरणे, याला जवळजवळ काहीच खर्च येत नाही.

याच विषयाला लागून आणखी एका बाबीकडे आपले लक्ष वेधावेसे वाटते. ‘माता वैष्णोदेवीचे नाणे असेल तर व्हा लखपती’ अशा बातम्या अनेक माध्यमांत सतत येतात. ते पाच आणि दहा रुपयांचे नाणे २०१२ चे आहे, ते दुर्मीळ नाही. अशा बातम्या वाचूनच लोक आधी अनोळखी खरेदीदाराला ‘कमिशन’ आणि ‘कर’ भरतात. रिझर्व्ह बँकेला ऑगस्ट २०२१ मध्ये याबाबत जाहीर सूचना काढून आपले नाव वापरणाऱ्यांपासून सावध राहण्यास सांगावे लागले. १८१८ सालच्या, रामदरबाराचे चित्र असलेल्या ‘कंपनी सरकारच्या’ नाण्याचीही तीच कथा. कंपनीने असे नाणे कधी काढलेच नाही, ती अलीकडच्या काळात बनवलेली टोकने आहेत. हल्ली या मंडळींच्या बोलण्यात ‘आधी ग्रेडिंग करून घ्या, आम्हीच करून देतो’ हे वाक्यही येऊ लागले आहे. देशात किंवा परदेशात असे काम करून देतो म्हणणाऱ्या कोणालाही साधे प्रश्न विचारावेत : नाणे कोण तपासणार, त्याचा अनुभव काय, नकली निघाल्यास भरपाई कोण देणार, आणि तपासणारा स्वतः नाणी विकतो का? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ असेल तर तिथूनच परत फिरावे.

ज्यांच्याकडे वारशाने नाणी आली आहेत, त्यांनी काहीही करण्याआधी ती घासू नयेत. प्रत्येकाचे दशांश ग्रॅमपर्यंत वजन करावे. राणीचा किंवा राजाचा जुना रुपया तोळाभर, म्हणजे ११.६६ ग्रॅमच्या आसपास भरला पाहिजे, झिजल्यास थोडा कमी. दोन्ही बाजूंचे आणि कडेचे छायाचित्र काढून वेगवेगळ्या कागदी पाकिटांत ठेवावे. मग किमान दोन परवानाधारक व्यापाऱ्यांना आणि खरेदीत रस नसलेल्या एका जाणकाराला दाखवावे. पुण्या-मुंबईत नाण्यांची प्रदर्शने भरतात, तिथे अनेक जाणते संग्राहक हौसेने पाहून सांगतात. फोर्टमधील रिझर्व्ह बँकेच्या नाणे संग्रहालयात आणि छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या नाणेदालनात अस्सल नाणी नीट मांडलेली पाहता येतात. नजर तयार व्हायला चांगली नाणी वारंवार पाहण्याइतका दुसरा स्वस्त उपाय नाही. आणि शेतात किंवा जुन्या भिंतीत नाणी सापडली असतील तर ती आपली मानूच नयेत. १८७८ च्या भूमिगत धनाच्या कायद्यानुसार त्याची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते.

सगळ्या चर्चेतून एक उणीव मात्र ढळढळीत दिसते. शंभर वर्षांवरची नाणी परदेशी पाठवता येत नाहीत, हे योग्यच आहे. परंतु देशात ती अस्सल आहेत का हे निःपक्षपातीपणे सांगणारी, सर्वसामान्यांना परवडणारी सोय नाही. मुंबईच्या टांकसाळीत सोन्याचांदीचा कस पाहून देण्याची व्यवस्था आहे. तिथे किमान १९५० नंतरच्या स्वतःच्या नाण्यांचा आणि प्रूफ संचांचा खरेपणा पाहून देण्याची सोय एसपीएमसीआयएलने, म्हणजे टांकसाळी चालवणाऱ्या सरकारी कंपनीने, का करू नये? शिवराई, होन आणि मराठी रुपये यांच्यासाठी नाशिकजवळच्या अंजनेरी येथील नाणकशास्त्र संशोधन संस्थेसारख्या ठिकाणी राज्य शासनाच्या मदतीने असे काम सुरू होऊ शकते. संग्रहालये आणि संशोधन संस्था खासगी नाण्यांवर मत द्यायला कचरतात, कारण त्या मताचा बाजारात गैरवापर होतो आणि चोरीच्या किंवा उकरून काढलेल्या मालाला प्रतिष्ठा मिळण्याची भीती असते. ही भीती रास्त आहे. म्हणून किंमत किंवा प्रत सांगूच नये, नाण्याच्या मालकाची आणि ते कोठून आले याची लेखी नोंद सक्तीची करावी, फी ठरलेली आणि नाण्याच्या मोलाशी संबंध नसलेली असावी, आणि तपासलेल्या प्रत्येक नाण्याचे वजन, व्यास व छायाचित्र मालकाचे नाव वगळून जाहीर नोंदीत ठेवावे. अशा काही हजार शिवराया नोंदल्या गेल्या तर त्यांच्या ठशांची विश्वासार्ह सूची आपोआप तयार होईल, आणि शेल्डन यांची लबाडी ज्या रीतीने पकडली गेली त्याच रीतीने आपल्याकडची अदलाबदलही पकडता येईल. याविषयी शासनाच्या पुरातत्त्व संचालनालयाकडे मी स्वतंत्रपणे लेखी निवेदन देत आहे. आपल्या वाचकांपैकी ज्यांना त्यावर सही करायची असेल त्यांनी आपल्या कार्यालयामार्फत कळवावे.

आपला,
एक नाणेसंग्राहक वाचक,
सांगली